गप्प केलेली गाडी

हिरामण भोईरने आयुष्यात शेकडो मशिनींचा आवाज कमी केला, पण पार गप्प केली ती एकच. ती गप्प झाली नसती तर वृंदाताई देवस्थळी त्र्याण्णव सालच्या मे महिन्यात गेल्या नसत्या. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण या हकिगतीत वाईट माणूस एकही नाही, आणि अशी हकिगत ऐकताना आपण गाफील राहतो.

हिरामण अंबरनाथजवळच्या मोरिवलीचा. गावच्या शेतांवर कंपन्या उभ्या राहिल्या तेव्हा तो शेंबडा पोर होता, त्यामुळे आपली भातशेती त्याला आईच्या बोलण्यातूनच ठाऊक. बापाला जमिनीच्या बदल्यात एका कंपनीच्या गेटावर नोकरी लागली आणि मोठा झाल्यावर हिरामण त्याच कंपनीच्या शीतगृहात चिकटला. तिथला चिंतामणी मिस्त्री निम्मा बहिरा होता. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक कॉम्प्रेसरला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे, ही विद्या त्याने हिरामणला दिली. बेअरिंग गेलंय, की व्हॉल्व्ह चिकटतोय, की नुसता नट सैल आहे, हे हिरामण दोन वर्षांत मशीन न उघडता सांगू लागला.

कंपनी शहाऐंशीत बंद पडली. बाकीचे कामगार कोर्टाच्या तारखा मोजत बसले, हिरामणने हत्यारांची पिशवी सायकलला अडकवली. उल्हासनगरच्या कॅम्पातले दुकानदार, विठ्ठलवाडीचे वकील, बदलापूरचे डॉक्टर, ज्याचा एसी घरघरेल तो ‘आवाजवाल्या हिरामणला बोलवा’ म्हणायचा. माणूस सरळ, पण या एका बाबतीत नाकावर माशी बसू द्यायचा नाही. एका वकिलाच्या एसीची शिट्टी काढायला तो आपण होऊन तीनदा गेला आणि शेवटी पंख्यात अडकलेली चिमणीच्या घरट्याची काडी घेऊन विजयी मुद्रेने बाहेर आला. बायको वेणू म्हणायची, घरातल्या माणसांचं बोलणं याला ऐकू येत नाही, पण दुसऱ्याच्या घरातला नट बरोबर ऐकू येतो. ते खोटं नव्हतं.

आता मोरिवलीची एक रीत सांगायला हवी. वारा कंपन्यांकडून फिरला की गावात वास यायचा. कधी सडक्या अंड्यांचा, कधी रॉकेलसारखा, कधी नाव नसलेला. त्या वासाला गावानेही नाव ठेवलं नव्हतं, नुसतं “आला” म्हणायचे. कुणी “आला” म्हटलं की बायका दारं-खिडक्या लावून घेत, जुन्या लुगड्यांचे बोळे पाण्यात भिजवून फटींत कोंबत आणि पोरांना आडवं करत. डोकं ठणकायचं, पोटात ढवळायचं, तास-दोन तासांत वारा फिरला की दारं उघडायची. पापड, मिरच्या, सुकट, काहीही वाळत घालायचं तर आधी वाऱ्याचा अंदाज घ्यायचा. पोरगी सासरी आली की सासू तिला चूल दाखवायच्या आधी बोळे कुठे ठेवलेत ते दाखवायची. हिरामणला तर हे श्वास घेण्याइतकं अंगवळणी पडलं होतं. वास आला, डोकं दुखलं, बंद करा. यात विचार करण्यासारखं काही आहे असं कुणालाच वाटत नव्हतं.

श्यामकांत देवस्थळी एका रंगाच्या कंपनीत उत्पादनाचे साहेब होते. राहायला अंबरनाथलाच, छोटा बंगला, मागे जांभळाचं झाड. पत्नी वृंदाताई मुलींना गाणं शिकवायच्या. तीस वर्षं त्या घराने कंपनीच्या भोंग्यावर जेवण केलं होतं, आणि तीस वर्षं साहेबांनी बायकोला सांगितलं होतं की एकदा सुटलो की कन्याकुमारीपर्यंत फिरू. वृंदाताईंना हॉटेलातल्या गाद्या चालत नसत, दुसऱ्याची न्हाणीघरं तर नाहीच नाही. म्हणून निवृत्तीनंतर साहेबांनी कॅम्पातल्या होतचंदच्या वर्कशॉपमध्ये एक खोलीच चाकांवर बांधून घेतली. जीपच्या मागे जोडायची. आत पलंग, ओटा, बेसिन. पलंगाच्या वर मागच्या भिंतीत एसी, कारण वृंदाताईंना उकाड्यात धाप लागायची. आणि एसी चालवायला पुढच्या दांड्यावर जुना जनरेटर, जो रॉकेलवर चालायचा.

होतचंदने डबा मजबूत केला, पण आवाजाचा विचार त्याच्या गावीही नव्हता. पहिल्या दिवशी जनरेटर सुरू झाला, वर एसी लागला आणि आतली भांडी ओट्यावर नाचू लागली. वृंदाताई पाच मिनिटांत बाहेर आल्या. त्या शांतपणे म्हणाल्या की या घरघरीत माझं डोकं फुटेल, तुम्ही एकटे जा.  संध्याकाळी साहेब स्वतः स्कूटर काढून मोरिवलीत हिरामणचं घर विचारत आले. तीस वर्षांचा शब्द एका एसीपायी बुडतोय, एवढंच त्यांनी सांगितलं.

हिरामणने गाडीला कान लावला आणि त्याला आनंदच झाला म्हणायचा. इतके आवाज एका डब्यात त्याने कधी ऐकले नव्हते.

तीन आठवडे तो त्या आवाजांच्या मागे होता. एसीची चौकट पत्र्यावर आपटत होती, तिच्याखाली लॉरीच्या टायरचं रबर कापून बसवलं. कॉम्प्रेसरचं थरथरणं फळ्यांतून पलंगात उतरत होतं, पलंगाच्या पायांना लोकरीचा जाड नमदा लावला. वृंदाताई रोज दुपारी आत बसायच्या आणि निकाल द्यायच्या. त्यांचा कान हिरामणपेक्षाही तिखट. “अजून खाली कुणीतरी सा धरून बसलंय बघा,” असं त्या म्हणाल्या की हिरामण स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून तो सा शोधायला निघायचा. एकदा तो सा बेसिनच्या नळात सापडला. दोघं लहान मुलांसारखी हसली. आपलं ऐकणं कुणाला कळतंय हे हिरामणला उभ्या जन्मात पहिल्यांदाच वाटत होतं, आणि त्या बाईंना पूर्ण शांतता मिळवून द्यायची याचा त्याने ध्यास घेतला.

राहिला जनरेटर. त्याच्याभोवती त्याने लाकडी पेटी केली, आतल्या बाजूने बंद पडलेल्या कंपनीच्या भंगारातली काचेची लोकर लावली. तरी धुराच्या नळीचा फटफटाट पुढच्या भिंतीवर आदळून आत येतच होता. मग हिरामणने ती नळी वाढवली. गाडीच्या तळाखालून पार मागपर्यंत नेली आणि शेवटाला जुन्या स्कूटरचा सायलेन्सर जोडला. मध्ये तीन सांधे आले, ते पत्र्याच्या पट्ट्या आवळून बसवले. छपरात हवेसाठी एक जाळी होती, तिच्यातूनही आवाज उतरायचा. तिला नमद्याचं झाकण केलं, हवं तेव्हा लावता येईल असं. पलंगाखाली तळाला एक भोक होतं, त्यातून जनरेटरची वायर वर यायची. त्यात हिरामणने काथ्या ठासून भरला. काथ्या आवाज अडवतो. हवा अडवत नाही, पण त्या दिवसांत हिरामण हवेचा विचार करत नव्हता.

एका गुरुवारी दुपारी गाडी गप्प झाली. बंगल्याच्या मागे उभी, जनरेटर चालू, एसी चालू, आणि आत बसलं तर जांभळाच्या झाडावरचा कावळा ऐकू यायचा. वृंदाताई किती वेळ नुसत्या कान देऊन बसल्या. मग म्हणाल्या, हिरामण, आता काही म्हणजे काहीच नाही. त्याला त्या दिवशी कुणी राजवाडा दिला असता तरी नको म्हणाला असता.

त्या पलंगावर पडल्या आणि त्यांचा डोळा लागला. तासाभराने साहेब चहा घेऊन गेले तर ताई डोकं धरून बसलेल्या. खांद्यावर पाल पडली म्हणून जाग आली म्हणाल्या. साहेबांनी हसत हसत पंचांग काढलं, पाल कुठल्या खांद्यावर पडली तर काय फळ ते वाचलं. फळ बरं निघालं. हिरामणने पाल शेपटीला धरून बाहेर टाकली. एरवी पाल पडली की सुळकन पळते. ही पडली ती पडलीच होती. त्याला ते क्षणभर विचित्र वाटलं, पण ताई म्हणत होत्या की डोकं ठणकतंय, मळमळतंय, आणि कसलातरी रॉकेलसारखा वास येतोय.

“आला,” हिरामण म्हणाला. “कंपन्यांचा आहे, ताई. आमच्याकडे रोजचंच. वास आला की लगेच सगळं बंद करून घ्यायचं, एक फट ठेवायची नाही. आत एसी आहेच, गार पडून राहायचं.”

आणि त्याने स्वतःच्या हाताने करून दाखवलं. ताईंनी झोपताना उघडलेलं छपराचं झाकण लावलं, एक फडकं फाडून पाण्यात बुडवलं, खिडकीच्या फटींत बोटाने बोळे कसे सरकवायचे ते साहेबांना शिकवलं. साहेब हुशार विद्यार्थी होते. ताई मात्र आत थांबल्या नाहीत. चहा ओट्यावर ठेवून त्या परसात झाडाखाली जाऊन बसल्या, आणि थोड्या वेळाने त्यांना बरं वाटलं. कंपन्यांच्या वासात बाहेर बसून बरं कसं वाटेल, हे कुणी विचारलं नाही. ज्याने विचारायला हवं होतं तो जनरेटरच्या पेटीवर हात फिरवत उभा होता.

रविवारी साहेबांनी पहिला फेरफटका ठरवला. लांब नाही, बदलापूरच्या अलीकडे जांभूळ गावी, पाण्याच्या कारखान्याच्या मागे चिंचेची सावली आहे तिथे. सकाळी दहाला निघायचं, जेवणाचा डबा नेऊन दुपार तिथेच काढायची, संध्याकाळी परत. सगळं जमलं तर आठ दिवसांनी कन्याकुमारी. हिरामणलाही बोलावलं होतं, पण नवरा-बायकोच्या सहलीत आपलं काय काम म्हणून तो गेला नाही.

दुपारी दोनला तो जेवायला बसला. वेणूने डाळभाताबरोबर उडदाचा पापड भाजून दिला. पापड खुसखुशीत होता, आणि हिरामण त्या आठवड्यात इतका खुशीत होता की चक्क बायकोच्या पापडाचं कौतुक केलं. वेणूला नवल वाटलं. ती म्हणाली की यंदा नीट वाळले, गुरुवारी घातले होते.

“गुरुवारी?” हिरामणने विचारलं. “गुरुवारी तर आला व्हता.”

“कुठं आला?” वेणू म्हणाली. “सारा दिस वारा उलटा व्हता. आला असता त मी पापर वालत घातलं असतं का? तुमी सायबांचे गारीवर व्हतंव, तुमाला काय म्हाईत.”

घास हातात राहिला. हिरामणने तिला पुन्हा विचारलं, मग उठून शेजारच्या सखूआत्याला विचारलं. तिनेही गुरुवारी मिरच्या घातल्या होत्या. साऱ्या आळीचं वाळवण त्या दिवशी उन्हात होतं.

तो ओसरीवर उभा राहिला आणि त्याच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत गेली, नको असताना. वास होता, पण कंपन्यांचा नव्हता. रॉकेलचा होता. रॉकेलवर काय चालतं? नळी कुठून नेली? सांधे कुणी आवळले? गुरुवारी ताई उठून बाहेर बसल्या म्हणून बऱ्या झाल्या. आज सावली असेल, जेवण झालेलं असेल, दोघं आडवी झालेली असतील. आणि वास आला की काय करायचं ते साहेबांना हिरामणने शिकवून ठेवलं होतं.

सायकलने जाणं शक्य नव्हतं. नाक्यावरच्या हिंदुरावच्या टेम्पोत तो चढला आणि हाणायला सांगितलं. वाटेत हिंदुराव विचारत होता काय झालं, पण हिरामणला सांगता येईना. सांगितलं असतं तर खरं झालं असतं असं त्याला वाटत होतं.

गाडी चिंचेखाली उभी दिसली. छान सावली होती, बाजूला गवतावर जेवणाची चटई तशीच, डब्याचं झाकण उघडं, त्यावर मुंग्या. हिरामण टेम्पोतून उतरला आणि थांबून त्याने कान दिला. काहीच नाही. जनरेटर चालू आहे की बंद, हे त्याला कळेना. तीन आठवडे राबून त्याने जे केलं होतं ते इतकं नामी झालं होतं की वीस पावलांवरून त्याच्याच कानाला कळेना, आतली माणसं कशात झोपलीत. बंद असू दे, बंद असू दे, असं पुटपुटत तो धावला. पेटीवर हात ठेवला. पेटी तापली होती आणि बारीक थरथरत होती.

त्याने आधी जनरेटर बंद केला, मग दार ठोठावलं. आतून कडी होती. हिंदुरावने टेम्पोतली पहार आणली. दार सहज निघेना, कारण फटीत आतून ओल्या फडक्याचे बोळे घट्ट बसवलेले होते. एकसारखे, बोटाने नीट सरकवलेले. हिरामणने शिकवलं होतं अगदी तसे.

साहेब दाराजवळ जमिनीवर पडले होते, एक हात कडीच्या दिशेने. ताई पलंगावर, भोकाच्या बरोबर वर. त्यांचा चेहरा गुलाबी, टवटवीत दिसत होता, त्यामुळे हिंदुराव म्हणाला की बाईंना काही झालेलं नाही, आधी साहेबांना उचलू. हिरामणने ताईंच्या छातीला कान लावला. ज्या कानाने नळातला सा शोधला होता त्या कानाने त्याने किती तरी वेळ ऐकलं. मग तो उठला आणि साहेबांना उचलायला त्यांचे पाय धरले.

पाण्याच्या कारखान्यावरचा पहारेकरी बबन धावत आला, त्याने अंबरनाथच्या एका दवाखान्यात फोन लावला. साहेब वाचले. गावात आणि कॉलनीत तोवर बातमी पसरली होती की कंपनीने गॅस सोडला आणि देवस्थळी बाई गेल्या. त्यात कुणाला शंका वाटली नाही. मोर्चा काढायचं बोलणं सुरू झालं. पोलिसांनीही विषारी वायू एवढंच लिहून घेतलं. हिरामण गप्प बसला असता तर ते तसंच राहिलं असतं, आणि तो दोन दिवस गप्प बसलाही. त्या दोन दिवसांत तो नळीचे सांधे मात्र जाऊन बघून आला. मधला सांधा सुटला होता, पलंगाच्या खाली.

तिसऱ्या दिवशी तो दवाखान्यात गेला. साहेब उशीला टेकून बसले होते. हिरामणला बघून त्यांनी हात पुढे केला आणि त्याला खाटेवर बसवून घेतलं. हात सोडला नाही. बराच वेळ ते त्याचे आभार मानत राहिले, की तू आलास म्हणून निदान मी आहे. 

“माझंच चुकलं रे,” ते म्हणाले. “वास आल्याबरोबर तुझं आठवलं मला. फटी लगेच बुजवल्या. पण वरचं झाकण लावायला गेलो तर ती म्हणाली, तेवढं राहू द्या हो, मला हवा हवीशी वाटते. मी ऐकलं तिचं. दहा मिनिटं उघडं ठेवलं. मग तिचं डोकं वाढलं म्हणून लावलं. त्या दहा मिनिटांत जायचं ते आत गेलं. तू सांगितलं होतंस, एक फट ठेवायची नाही.”

हिरामणला वाटलं आता उठून पळावं. पण हात धरलेला होता. त्याने खाली बघत सगळं सांगितलं. नळी, सांधा, काथ्या, गुरुवारचा वारा, वेणूचे पापड. वास बाहेरचा नव्हता, साहेब, मी आत आणलेला होता. वाक्यं तुटत होती, पण त्याने काही लपवलं नाही. मला पोलिसांकडे द्या, असंही म्हणाला.

साहेब ऐकत होते. रागावतील, ओरडतील, हात झिडकारतील, या सगळ्याची हिरामणने तयारी ठेवली होती. तसं काही झालं नाही. साहेबांचे डोळे एका जागी थांबले, आणि हिरामणला फार उशिरा कळलं की ते हिरामणच्या अपराधाचा विचारच करत नाहीयेत.

“म्हणजे ते झाकण,” साहेब सावकाश म्हणाले. “ती म्हणत होती तसं उघडं ठेवलं असतं तर?”

हिरामणने आयुष्यात मशिनीबद्दल कधी खोटं सांगितलं नव्हतं. गिऱ्हाईक नाराज झालं तरी नाही.

“काय फरक पडला नसता, साहेब,” तो म्हणाला. “लहान होतं ते. तेवढ्यानं काही झालं नसतं.”

साहेबांनी तीस वर्षं कारखाना चालवला होता. कोणत्या खोलीला किती झरोका लागतो हे त्यांनी स्वतः कागदावर काढून दिलेलं असायचं. त्यांनी हिरामणकडे पाहिलं, मान डोलावली, बरं म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.